‘ऐकलेलं ५ टक्के, शिकवलेलं ९० टक्के’: अध्ययन पिरॅमिडला मुद्देसूद उत्तर

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, प्रशिक्षणांच्या स्लाइडवर आणि बी.एड.च्या नोट्समध्ये एक त्रिकोण वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं नाव ‘अध्ययन पिरॅमिड’. टोकाला व्याख्यान, ५ टक्के. त्याखाली वाचन १०, दृक्‌श्राव्य साधनं २०, प्रात्यक्षिक ३०, गटचर्चा ५०, स्वतः कृती ७५ आणि तळाशी दुसऱ्याला शिकवणं, ९० टक्के. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘एडगर डेल यांनी हे संशोधनातून सिद्ध केलं आहे. शिक्षकाने सांगणं बंद करावं. मुलांना कृती द्यावी. हुशार मुलांनी बाकीच्यांना शिकवावं. प्रत्येक मुलाची दृश्य, श्राव्य किंवा कृतिप्रधान शैली ओळखून तसं शिकवावं. हाच ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच ज्ञानाची रचना करतं हा विचार.’

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तासिकाभर एकसुरी बोलणारा शिक्षक आणि मान खाली घालून उतरवून घेणारी मुलं कुणालाच नको आहेत. पण या त्रिकोणातल्या एकाही आकड्यामागे दाखवता येईल असं मोजमाप नाही. त्यावरून काढलेले निष्कर्ष वर्गात उतरले की ज्यांना शिक्षकाची सर्वांत जास्त गरज असते ती मुलंच मागे पडतात. म्हणून मजकुरातलं एकेक वाक्य तपासून घेऊ.

‘एडगर डेल यांनी सिद्ध केलं आहे’

डेल अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ साली ‘ऑडिओ-व्हिज्युअल मेथड्स इन टीचिंग’ या पुस्तकात त्यांनी ‘अनुभवांचा शंकू’ मांडला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, त्यावर प्रतिकृतींमधून मिळणारा अनुभव, मग नाट्यीकरण, प्रात्यक्षिक, क्षेत्रभेट, प्रदर्शन, चित्रपट, रेडिओ आणि स्थिरचित्रं, आलेख-नकाशांसारखी दृश्य चिन्हं आणि टोकाला शब्द. मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ही मांडणी आहे. तिच्यात टक्केवारी नाही. १९५४ आणि १९६९ च्या आवृत्त्यांतही नाही. हे थर म्हणजे काटेकोर उतरंड समजू नये, असं डेल यांनीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या शंकूत शब्द टोकाला आहेत ते सर्वांत अमूर्त म्हणून. ते निरुपयोगी आहेत असं त्यांना म्हणायचं नव्हतं.

आकडे दुसरीकडून आले. १९६७ मध्ये मोबिल ऑईल कंपनीतल्या डी. जी. ट्राइकलर यांच्या एका मासिकातल्या लेखात ‘वाचलेलं १०, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०’ अशी चढती यादी छापून आली. तिला कोणताही आधार दिलेला नव्हता. ५-१०-२०-३०-५०-७५-९० ही दुसरी मालिका मेन राज्यातल्या बेथेल इथल्या ‘नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज’ या संस्थेच्या नावावर सांगितली जाते. अभ्यासकांनी संस्थेकडे मूळ संशोधन मागितलं तेव्हा ते आता आमच्याकडे नाही आणि शोधूनही सापडत नाही, असं उत्तर मिळालं. पुढे डेल यांचा आकार आणि हे आकडे एकमेकांना चिकटले. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या तर त्या आपसांतही जुळत नाहीत. एकीत ऐकलेलं २० टक्के आहे, दुसरीत ५.

‘व्याख्यानातून ५, वाचनातून १० टक्के लक्षात राहतं’

इथे पहिला प्रश्न असा की कशाचे टक्के आणि किती वेळाने? लक्षात राहणं मोजायचं तर चार गोष्टी ठरवाव्या लागतात: शिकणारा कोण, मजकूर कोणता, मध्ये किती काळ गेला आणि चाचणी कशी घेतली. त्रिकोणात चारपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. शिवाय त्याचे थर एकमेकांत मिसळलेले आहेत. प्रात्यक्षिक दाखवताना शिक्षक बोलतोच, गटचर्चेत मूल बहुतेक वेळ ऐकतच असतं, आणि व्याख्यानाचा व्हिडिओ दाखवला तर तो ५ टक्क्यांत धरायचा की २० टक्क्यांत हे कुणालाच सांगता येणार नाही.

काळाचा परिणाम किती मोठा असतो हे १८८५ पासून माहीत आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजलं. तासाभराने निम्म्याहून कमी बचत उरली होती, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश, महिन्याने एक पंचमांश. पद्धत तीच, माणूस तोच, फक्त मधला काळ वेगळा.

आता त्याच मजकुराचं नंतर काय केलं याचा परिणाम पाहा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचले. काही उताऱ्यांच्या बाबतीत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहून काढलं. ५ मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्यातलं ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ७५. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के, आठवून लिहिलेल्यातलं ५६. दोन्हीकडे मूळ शिकणं वाचूनच झालं होतं. ‘वाचन १० टक्के’ हा आकडा यात कुठेही बसत नाही. माध्यम तेच राहूनही निकाल बदलला, कारण मेंदूने केलेलं काम वेगळं होतं.

हे वर्गात वापरणं सोपं आहे आणि त्याला खर्चही येत नाही. तासिकेची पहिली ५ मिनिटं यासाठी राखून ठेवावीत. फळ्यावर ४ छोटे प्रश्न लिहावेत: एक कालच्या पाठातला, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. वह्या-पुस्तकं बंद. प्रत्येकाने पाटीवर किंवा कच्च्या वहीत उत्तर लिहायचं. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, शिक्षकानेही नाही. मग उत्तरं फळ्यावर लिहून मुलांनी स्वतःची स्वतः तपासायची. या उत्तरांना गुण देऊ नयेत, हजेरीपटाशेजारी त्यांची नोंदही करू नये.

ही रीत फसते ती ठरावीक ठिकाणी. प्रश्न तोंडी विचारले की पहिल्या बाकावरची तीच चार मुलं उत्तरं देतात आणि बाकीच्यांना आठवण्याची गरजच उरत नाही. शिक्षकाला शांतता सहन होत नाही हे दुसरं कारण. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. ३ सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी झाले. तिसरी चूक म्हणजे प्रश्न इतके अवघड ठेवणं की वर्गातल्या बहुतेकांना काहीच आठवू नये. ज्याला काही आठवलंच नाही त्याला या ५ मिनिटांचा फारसा फायदा होत नाही. आणि बरोबर उत्तर शेवटी दाखवलं नाही तर चुकीचं उत्तरच पक्कं होण्याचा धोका असतो.

‘स्वतः कृती केली की ७५ टक्के’

कृतीचं महत्त्व कुणी नाकारत नाही. पण हाताला काम मिळालं म्हणजे डोक्यालाही मिळालं, असं नाही. पाचवी-सहावीतली भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घ्या, कारण तिथे कृती खरोखर उपयोगी पडते आणि तिथेच ती हमखास वाया जाते.

१/३ + १/४ याचं उत्तर अनेक मुलं २/७ लिहितात. पूर्ण संख्यांचा नियम ती अंशाला आणि छेदाला वेगवेगळा लावतात. यासाठी १२ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद कागदी पट्ट्या चांगल्या. प्रत्येक जोडीला तीन: एकीवर ४ आणि ८ सेंटिमीटरवर रेघा म्हणजे तीन समान भाग, दुसरीवर ३, ६ आणि ९ वर रेघा म्हणजे चार भाग, तिसरीवर दर सेंटिमीटरला रेघ म्हणजे बारा भाग. ४० मुलांच्या वर्गाला २० जोड्या, म्हणून ६० पट्ट्या. पहिल्या पट्टीचा एक भाग आणि दुसरीचा एक भाग कापून तिसरीवर लागून ठेवले की ७ घरं झाकली जातात. १/३ म्हणजे ४/१२, १/४ म्हणजे ३/१२, बेरीज ७/१२. इथेच २/७ कडे परत यायचं. २/७ हे १/३ पेक्षाही लहान आहे (६/२१ आणि ७/२१). १/३ मध्ये काहीतरी मिळवल्यावर उत्तर १/३ पेक्षा कमी कसं येईल? हा प्रश्न मुलांसमोर ठेवला नाही तर पट्ट्या मांडूनही २/७ जिवंत राहतो.

आता ही कृती कुठे बिघडते ते पाहू. मुलांकडून सगळ्या पट्ट्या मोजून, आखून, कापून घेतल्या तर ४० मिनिटांची तासिका कात्रीतच जाते. गणिताला हात लागत नाही. रेघा आधीच आखून आणाव्यात. कागदाला हाताने घड्या घालून तीन भाग केले तर ते समान येत नाहीत आणि ‘समान भाग’ हीच कल्पना ढासळते. वेगवेगळ्या जोड्यांना वेगळ्या लांबीच्या पट्ट्या गेल्या तर ‘पूर्ण’ म्हणजे काय याचाच घोळ होतो. काही मुलं ‘७ घरं’ एवढंच म्हणून थांबतात, बारापैकी सात असं म्हणत नाहीत. त्यामुळे पट्टीशेजारी वहीत लगेच ४/१२ + ३/१२ = ७/१२ लिहून घ्यावं लागतं. मूर्त वस्तू, चित्र आणि चिन्ह या तीन टप्प्यांबद्दल मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी जे सांगितलं त्याचा वर्गातला अर्थ एवढाच की पट्टी, तिची आकृती आणि अंक एकाच पानावर शेजारी यावेत. पट्ट्या सोमवारी आणि अंक गुरुवारी अशी विभागणी केली की मुलाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

दुसरं उदाहरण मुद्दाम १/२ + १/५ द्यावं. बारा भागांच्या पट्टीवर पाचवा भाग रेघेवर बसत नाही. मुलं अडतात, आणि अडायलाच हवीत. ‘मग किती भागांची पट्टी लागेल?’ या प्रश्नातून दहा येतो आणि सामाईक छेदाची गरज मुलांना स्वतःला भासते. इथून पुढे पट्ट्या गोळा करून ठेवाव्यात. ज्या मुलाला पट्टीशिवाय बेरीज करता येत नाही त्याला अजून बेरीज आलेली नाही.

‘शिक्षकाने सांगणं बंद करावं’

या मजकुरातलं सर्वांत नुकसान करणारं वाक्य हेच. कार्यकारी स्मृतीत, म्हणजे विचार करताना डोक्यात तात्पुरत्या धरून ठेवलेल्या गोष्टींच्या जागेत, एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी मावतात. ज्याला विषय नवा आहे त्याला ‘शोधून काढ’ म्हटलं की पायऱ्या कोणत्या, कोणत्या क्रमाने, कुठलं चिन्ह कशासाठी हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. त्या धडपडीत नियम समजून घ्यायला जागाच उरत नाही. ज्याच्या घरी आई-वडील, ताई-दादा समजावून सांगतात तो तरून जातो. ज्याच्या घरी सांगणारं कुणी नाही त्याच्यासाठी वर्गातला शिक्षक हा एकच सांगणारा असतो, आणि त्यालाच आपण गप्प बसवतो.

जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितातल्या प्रयोगांतून दाखवलं की नवशिक्या विद्यार्थ्यांनी सोडवलेली उदाहरणं अभ्यासली तर तशीच पुढची उदाहरणं ते लवकर आणि कमी चुका करत सोडवतात. नुसती उदाहरणं सोडवत राहिलेले विद्यार्थी मागे राहिले. वर्गात हे असं करता येतं. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर पूर्ण सोडवलेलं उदाहरण: २/३ + १/५, सामाईक छेद १५, १०/१५ + ३/१५ = १३/१५. उजव्या अर्ध्यावर त्याच जातीचं न सोडवलेलं. डावं पुसायचं नाही. दुसऱ्या जोडीत डावीकडची शेवटची पायरी रिकामी ठेवायची, तिसऱ्या जोडीत शेवटच्या दोन, चौथ्यात फक्त प्रश्न. प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणावर दोन प्रश्न विचारायचेच: ‘१५ च का?’ आणि ‘२/३ चे १०/१५ कसे झाले?’ मिशेलिन ची यांच्या १९८९ च्या अभ्यासात चांगले विद्यार्थी सोडवलेल्या उदाहरणाची प्रत्येक पायरी स्वतःला समजावत पुढे जाताना दिसले. बाकीचे नुसतं वाचून पुढे सरकत होते. हे समजावणं प्रश्न विचारून घडवता येतं.

मूल एकदा स्वतः करू लागलं की सोडवलेली उदाहरणं थांबवावीत. जाणकाराला तीच मदत अडथळा ठरते, हेही याच परंपरेतल्या पुढच्या संशोधनात दिसलं. म्हणून एकाच वर्गात काही मुलांपुढे अर्धं सोडवलेलं उदाहरण आणि काहींपुढे फक्त प्रश्न असणं योग्यच आहे.

सांगण्याची रीत मात्र बदलावी लागते. सलग ७-८ मिनिटांहून जास्त बोललं की थांबून एक प्रश्न द्यावा. फळ्यावर लिहिताना मुलांनी उतरवू नये. जे मूल अक्षरं उतरवतं आहे ते ऐकत नसतं. आधी ऐका, पाहा, मग मी बाजूला होईन, मग उतरवा, हा क्रम वर्षाच्या सुरुवातीला शिकवून ठेवला तर पुढे कटकट राहत नाही. आकृतीतल्या भागांची नावं आकृतीवरच लिहावीत. खाली क्रमांक देऊन यादी केली की डोळे सारखे वर-खाली फिरतात आणि लक्ष त्यातच खर्च होतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की निव्वळ व्याख्यानापेक्षा विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणारं अध्यापन चांगलं, याला भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट होती, आणि सहभागाच्या वर्गांत परीक्षेतले गुण सुमारे ६ टक्क्यांनी जास्त होते. ५ विरुद्ध ७५ असली दरी यात कुठेही नाही. शिवाय त्या ‘सहभागाच्या’ वर्गांत शिक्षक बोलत होतेच. मधेमधे थांबून ते विद्यार्थ्यांना विचार करायला लावत होते.

‘दुसऱ्याला शिकवलं की ९० टक्के’

शिकवण्याच्या तयारीने आणि प्रत्यक्ष समजावून सांगण्याने सांगणाऱ्याचं शिकणं पक्कं होतं, हे फिओरेला आणि मेयर यांच्या २०१३ च्या प्रयोगांत दिसलं. पण रॉड रॉस्को आणि मिशेलिन ची यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेताना एक खोच दाखवली. शिकवणारी मुलं बहुतेक वेळा आपल्याला माहीत आहे तेच जसंच्या तसं सांगतात. ‘का’ हा प्रश्न स्वतःलाही विचारत नाहीत. अशा सांगण्यातून सांगणाराही फारसं नवं शिकत नाही.

आणि ऐकणाऱ्याचं काय? त्रिकोण शिकवणाऱ्याला ९० टक्के देतो, पण त्याच क्षणी ऐकणारं मूल त्रिकोणाच्याच हिशेबाने ५ टक्क्यांच्या थरात बसलेलं असतं. वर्षभर तीच पाच मुलं शिकवणारी आणि तीच तीस ऐकणारी राहिली तर दरी वाढणारच.

जोडीकाम उपयोगी करायचं तर काही नियम कडक पाळावे लागतात. समजावणाऱ्याने पेन्सिल हातात घ्यायची नाही, लिहायचं ते ऐकणाऱ्याने. समजावून झालं की ऐकणाऱ्याने वेगळे अंक असलेलं उदाहरण एकट्याने सोडवायचं. ते चुकलं तर काम दोघांचं अपूर्ण. दर उदाहरणाला भूमिका बदलायच्या. आणि हे सगळं शिक्षकाने शिकवल्यानंतर करायचं. आधी केलं तर एका मुलाची चुकीची समजूत दोघांची होते.

मोठ्या वर्गासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांची रीत जास्त सुटसुटीत आहे. १९९१ पासून ते ती वापरतात. चार पर्यायांचा एक प्रश्न द्यायचा, एक मिनिट एकट्याने विचार, मग उत्तर दाखवायचं. आपल्या वर्गात त्यासाठी बोटं पुरतात, फक्त ती छातीजवळ धरायला सांगावीत म्हणजे शेजाऱ्याची पाहून कुणी उत्तर बदलत नाही. ३० टक्क्यांपेक्षा कमी मुलं बरोबर असतील तर चर्चेला सोडू नये, पुन्हा शिकवावं. ७० टक्क्यांहून जास्त बरोबर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जावं. मधल्या पट्ट्यातच दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्यावं आणि पुन्हा बोटं दाखवायला लावावीत. पर्यायांत नेहमीची चूक असलीच पाहिजे. अपूर्णांकांच्या प्रश्नात २/७ हा पर्याय नसेल तर त्या प्रश्नातून काहीच कळत नाही.

‘प्रत्येक मुलाची शैली ओळखून शिकवा’

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. हा दावा खरा ठरायचा तर ‘दृश्य’ मुलं चित्रांनी आणि ‘श्राव्य’ मुलं ऐकून जास्त शिकतात, आणि अदलाबदल केली तर दोघांचंही नुकसान होतं, असं दिसायला हवं. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासलं आणि शैलीनुसार शिकवण्याचं समर्थन करेल असा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. माध्यम मुलाच्या शैलीवरून ठरत नाही, विषयावरून ठरतं. महाराष्ट्राच्या नद्या नकाशावरच दाखवाव्या लागतात, कविता कानावर पडावीच लागते.

मुलांमधले खरे फरक वेगळे आहेत आणि तिकडे लक्ष जायला हवं. आधीचं किती येतं हा सर्वांत मोठा फरक. घरची भाषा हा दुसरा: मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठीतल्या सूचना ऐकतं तेव्हा अडचण शैलीची नसते. आणि जे मूल फळ्यावरचं वाचत नाही, नुसतं ऐकतं, त्याच्यावर ‘श्राव्य शैली’चा शिक्का मारण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

‘हाच ज्ञानरचनावाद’

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि त्यानंतरच्या राज्याच्या आराखड्याने मूल स्वतःच्या ज्ञानाची रचना करतं ही भूमिका घेतली. ती योग्यच आहे. पण ज्ञानरचनावाद शिकणं कसं घडतं हे सांगतो. शिकवताना शिक्षकाने काय करावं याची यादी तो देत नाही. सोडवलेल्या उदाहरणाची प्रत्येक पायरी स्वतःला समजावणारं शांत मूल ज्ञानरचना करत असतं. गटात बसून चित्रं चिकटवणारं मूल कदाचित नसेलही. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. त्यामुळेच २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमानंतर चांगल्या शाळांमधल्या गोष्टी राज्यभर पसरल्या तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची, म्हणजे रंगवलेल्या फरश्या आणि गोलात बसलेल्या मुलांची, नक्कल सर्वांत आधी झाली. त्या शाळांतले शिक्षक मुलाला कोणत्या क्षणी काय विचारत होते, हे नक्कल करायला अवघड होतं आणि ते मागे राहिलं.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचं नाव घेऊन शिक्षकाला बाजूला सारलं जातं, हे तर उलटंच आहे. जे मूल आज एकट्याने करू शकत नाही पण जाणत्याच्या मदतीने करू शकतं, त्या टप्प्यावर शिकवावं, हे त्यांचं म्हणणं. या मदतीचं नेमकं वर्णन वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये केलं. त्यांनी ३ ते ५ वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळे जुळवून मनोरा करायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती काय काय करते हे टिपलं. मुलाची ओढ निर्माण करणं, काम सोपं करून देणं, लक्ष उद्दिष्टावर ठेवणं, महत्त्वाचं काय ते दाखवणं, हताश होऊ न देणं आणि करून दाखवणं. सहावं काम ‘करून दाखवणं’ हे आहे. सांगणं आणि दाखवणं हे आधाराचे भाग आहेत, आणि मूल जसं सावरतं तसा आधार काढून घ्यायचा असतो.

‘आकडे खरे नसले तरी संदेश चांगला आहे ना?’

स्लाइड चुकीची आहे हे मान्य केल्यावर बहुतेकदा हे उत्तर येतं. पण पाठ निरीक्षणाच्या वेळी याच स्लाइडमुळे कृती किती घेतल्या हे मोजलं जातं आणि किती मुलांना दोन आठवड्यांनी येतं हे मोजायचं राहून जातं. सुंदर समजावून सांगणारी शिक्षिका पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘व्याख्यान’ शब्द लिहायला कचरते. आणि खोटे आकडे शिकवणाऱ्या प्रशिक्षणावर शिक्षकांचा विश्वास बसत नाही, मग त्यातल्या खऱ्या गोष्टीही वाया जातात.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत या स्लाइडऐवजी एक चाचणी ठरवता येईल. ती कोणत्याही शिक्षकाला सातवी-आठवीच्या वर्गात करता येते. अभ्यासक्रमाबाहेरचे साधारण २५० शब्दांचे दोन उतारे घ्यावेत, अ आणि ब. प्रत्येकातल्या २० माहितीच्या बाबी आधी यादी करून ठेवाव्यात. हजेरीपटावरच्या सम-विषम क्रमांकांनुसार वर्गाचे दोन भाग करावेत. सगळ्यांनी अ उतारा ७ मिनिटं वाचायचा. मग विषम क्रमांकांनी तो आणखी ७ मिनिटं वाचायचा, सम क्रमांकांनी उतारा पालथा घालून ७ मिनिटं आठवेल ते लिहायचं. ब उताऱ्याला भूमिका उलट, म्हणजे हुशार मुलं एकाच बाजूला पडली तरी हिशेब बिघडत नाही. सात दिवसांनी, आधी न सांगता, दोन्ही उताऱ्यांतलं आठवेल ते लिहायला सांगावं आणि २० पैकी किती बाबी आल्या ते मोजावं. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. चाचणी होणार हे आधी कळलं तर मुलं घरी वाचून येतात, आणि एखादं मूल वाचनाच्या किंवा चाचणीच्या दिवशी गैरहजर असेल तर त्याचे दोन्ही आकडे बाजूला काढावे लागतात. एका वर्गात एखाद्या बाबीचा फरक आला तर तो योगायोगही असू शकतो. केंद्रातल्या ८-१० वर्गांचे आकडे एकत्र केले की चित्र स्पष्ट होतं, आणि ते आकडे कुठून आले हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.